कत्तलीचं योग्य वय कोणतं, १८ महिने, २४ की ३०? जात, खाद्य आणि हिशेब

प्रश्न असा आहे की मांसासाठी पाळलेली जनावरं १८ महिन्यांना काढायची, २४ ला की ३० ला, आणि जास्त ठेवलं तर वजन वाढतं, मार्बलिंग (मांसाच्या आतली बारीक चरबी) वाढतं, मग नफा पण वाढायलाच हवा ना? मी बरीच वर्षं फीडलॉटच्या (जनावरं बांधून धान्य-खुराकावर वाढवायच्या गोठ्याच्या) खाद्याचं आणि विक्रीच्या नियोजनाचं काम करतोय, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस विचारतो, आणि "अमुक महिने" असं सरळ उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. महिने मोजून विकू नका, पाठीवरची चरबी आणि शेवटच्या महिन्याची वाढ मोजून विका. वयाचं काम एवढंच की ते वरची मर्यादा घालतं, त्या मर्यादेच्या आत नफा ठरतो तो जात, खाद्य, नर-मादी आणि तुम्ही जिवंत वजनावर विकता की कार्कसच्या, म्हणजे कातडं, डोकं, आतडी काढून उरलेल्या धडाच्या, वजनावर यावर.

जनावराची वाढ ठरलेल्या क्रमाने होते. आधी हाड जोर धरतं, मग स्नायू म्हणजे मांस, आणि शेवटी चरबी. चरबीतही परत क्रम आहे, आधी मूत्रपिंडाभोवतीची आणि आतली, मग स्नायूंच्या मधली, मग कातड्याखालची, आणि मांसाच्या आत बारीक धाग्यांसारखी दिसणारी जी चरबी, जिला आपण मार्बलिंग म्हणतो, ती डोळ्याला दिसण्याइतकी व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आता गंमत अशी की मांसाचा जवळजवळ पाऊण भाग पाणी असतं, चरबीत पाणी फारच कमी. शिवाय एक ग्रॅम चरबीत साधारण ९.४ किलोकॅलरी ऊर्जा असते आणि एक ग्रॅम प्रथिनात ५.६ च्या आसपास. म्हणजे एक किलो मांस वाढवायला जेवढा खुराक लागतो त्याच्या कितीतरी जास्त खुराक एक किलो चरबी चढवायला लागतो, आणि जनावर जसं मोठं होतं तसं त्याच्या रोजच्या वाढीत मांस कमी आणि चरबी जास्त होत जाते. वजनकाटा दोन्ही किलो सारखेच दाखवतो, तिथेच लोक फसतात.

दुसरा खर्च म्हणजे निव्वळ जगण्याचा. ३०० किलोच्या जनावराला काहीही न वाढता नुसतं उभं राहायला रोज साधारण ५.५ मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा लागते, ६०० किलोच्याला ९.३ च्या आसपास. भरपूर धान्य असलेल्या खुराकात याचा अर्थ छोट्याला अंदाजे २.६ किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरलेलं खाद्य) आणि मोठ्याला ४.४ किलो, एवढं खाऊन पण वजन शून्य वाढतं. त्यावर जे खाईल त्यातून वाढ. आणि मोठं जनावर आपल्या वजनाच्या मानाने कमी खातं, ३०० किलोचं वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास खाईल तर ६०० किलोचं पावणेदोन टक्के. या सगळ्याचा परिणाम एफसीआर वर, म्हणजे एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागतं त्यावर होतो. लहान वयात पाच-साडेपाच किलो शुष्क खाद्याला एक किलो वजन मिळतं, शेवटी शेवटी त्याच एका किलोला आठ, नऊ, कधी दहा किलो जातात.

पण "लहान" आणि "मोठं" म्हणजे किती महिने, हे जातीवर आहे. अँगस, हेरफोर्ड या लवकर पक्व होणाऱ्या जाती, दूध सुटल्यावर थेट धान्यावर घेतल्या तर १४-१६ महिन्यांत विक्रीला तयार दिसतात, आणि त्याच वयाचा शार्ले किंवा लिमुझँ अजून नुसता मांस लावत असतो, त्याला चरबी धरायला १८-२० महिने आणि बरंच जास्त वजन लागतं. होल्स्टीन या दुधाच्या जातीचे नर गोऱ्हे हाडाने मोठे, उंच, ड्रेसिंग टक्का (जिवंत वजनातला कार्कसचा वाटा) कमी, पण मार्बलिंगला वाईट नाहीत. कालवड खच्ची केलेल्या नराच्या आधी चरबी धरते, म्हणून एकाच कळपातल्या कालवडी कमी वजनाला आणि आधी काढाव्या लागतात. तिन्ही-चारींचं वय १८ महिने असू शकतं आणि एक तयार, एक अर्धं कच्चं, एक चरबीने ओघळलेलं. म्हणून वयाच्या आकड्याला मी फार भाव देत नाही.

आता कार्कसच्या दर्जाबद्दल, कारण इथे अर्धवट माहिती खूप फिरते.

"वय वाढलं की मांस चिवट होतं" हे खरं आहे पण सगळं खरं नाही. चिवटपणा येतो तो मुख्यतः कोलॅजेनमुळे, स्नायूंना बांधून ठेवणारी जी जोडऊती असते तिच्यातलं प्रथिन. वयाबरोबर कोलॅजेनचं प्रमाण फारसं वाढत नाही, त्याच्या धाग्यांमधले आडवे जोड पक्के होत जातात, मग ते शिजवताना विरघळत नाही. लहान जनावराचं कोलॅजेन उष्णतेने जिलेटिन होतं, म्हाताऱ्याचं आकसतं आणि रबरासारखं लागतं. आता हा फरक सगळ्या भागात सारखा नाही. मान, पाय, मांडी हे राबणारे भाग, तिथे वय लगेच कळतं. कंबरेच्या आतला फिलेट जवळजवळ काहीच काम करत नाही, तो म्हाताऱ्या गाईचा सुद्धा बऱ्यापैकी मऊ असतो. आणि १२ ते ३० महिन्यांच्या टप्प्यात वयाने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक कत्तलीनंतर काय केलं याने पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. कार्कस फार घाईने थंड केलं, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) ६ च्या वर असतानाच मांसाचं तापमान १० अंशाच्या खाली गेलं, तर स्नायू आखडतात आणि १५ महिन्यांच्या जनावराचं मांस पण बुटाच्या तळव्यासारखं होतं. उलट दोन आठवडे थंड जागी ठेवून नीट मुरवलं तर २८ महिन्यांच्याचं मांस लोण्यासारखं नसलं तरी चांगलं मऊ लागतं. हे शेतकऱ्याच्या हातात नाही, पण वयाला दोष देण्याआधी माहीत असलेलं बरं.

अंगावर पुरेशी चरबी का हवी त्याचं एक कारण हेच. पातळ चरबीचं कार्कस झपाट्याने गार होतं, आखडतं आणि त्यातलं पाणी पण उडतं. ऑस्ट्रेलियाच्या एमएसए या मांसाचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंगमध्ये बरगडीवर किमान ३ मिलिमीटर चरबी लागते ती यासाठीच. फार लहान वयात, चरबी न धरताच काढलेल्या जनावराचं नुकसान इथे होतं.

रंग वयाबरोबर गडद होतो कारण स्नायूंमध्ये मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रथिन वाढतं. कोवळ्या वासराचं मांस फिकट गुलाबी, दोन वर्षांच्याचं चेरीसारखं लाल, म्हाताऱ्या गाईचं काळपट लाल. चरबीचा रंग मात्र लोक नेहमी वयाशी जोडतात आणि तो खरा हिरव्या चाऱ्याशी जास्त जोडलेला आहे, चाऱ्यातलं कॅरोटिन हे पिवळं रंगद्रव्य चरबीत साठतं म्हणून पिवळी, आणि वय जास्त तेवढं साठलेलं जास्त. धान्यावर दोन-अडीच महिने ठेवलं की बऱ्यापैकी पांढरी होते.

मार्बलिंगबद्दल खरेदीदार सगळ्यात जास्त बोलतात. ते वयाने वाढतं, पण वाढायला खुराक, जात आणि लहानपणीचं पोषण लागतं. नुसतं चाऱ्यावर ३० महिने ठेवलेल्या लिमुझँला मार्बलिंग येणार नाही, आणि दूध तोडल्याबरोबर चांगल्या खुराकावर घेतलेल्या अँगसला १५ महिन्यांत येईल. जपानमध्ये वाग्यू जातीची जनावरं साधारण २८-३० महिन्यांपर्यंत ठेवतात, नऊ-दहा महिन्यांपासून पुढे वीस महिने खुराक, आणि ते परवडतं कारण तिथे भाव मार्बलिंगच्या ग्रेडवर प्रचंड बदलतो. ही गणितं तुमच्या बाजारात नसतील तर वाग्यूचं बघून आपले गोऱ्हे ३० महिने ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दुसऱ्या टोकाला स्पेनच्या गॅलिसिया भागात आठ-दहा वर्षांच्या गाईंचं मांस चवीसाठी जास्त भावाने विकलं जातं, चव वयाबरोबर दाट होते हे खरंच आहे, पण तो एक छोटा खास बाजार आहे.

वय मोजतात कसं हे पण समजून घ्या, कारण भाव त्यावर कापला जातो. एक पद्धत दात. दुधाचे दात आहेत तोवर आदत, साधारण १८ ते २४ महिन्यांत पहिली कायमच्या दातांची जोडी येते, मग दुसा (दोन दात), चौसा (चार), सहादाती असं करत जुळतो, म्हणजे सगळे कायमचे दात पूर्ण होतात. दुसरी पद्धत हाडं. कार्कस मधोमध चिरलं की मणक्यांच्या टोकांना पांढऱ्या कुर्च्या दिसतात, वय वाढलं की त्यांचं हाड होत जातं, आधी माकडहाडाच्या वरच्या भागात, मग कंबरेत, सगळ्यात शेवटी छातीच्या मणक्यांत. बरगड्या पण लाल, गोलसर असतात त्या पांढऱ्या आणि चपट्या होतात. अमेरिकेच्या ग्रेडिंगमध्ये ९ ते ३० महिने म्हणजे ए गट, ३० ते ४२ बी, आणि त्यापुढे ४२ महिन्यांनंतर सी, डी, ई, ज्यात चांगला ग्रेड मिळणंच बंद होतं. यात कालवडींवर अन्याय व्हायचा, इस्ट्रोजेनमुळे त्यांची हाडं लवकर पक्की होतात आणि वय कमी असूनही म्हातारी ठरायच्या. २०१७ च्या शेवटी नियम बदलला, आता दातांवरून किंवा नोंदीवरून ३० महिन्यांच्या आत असल्याचं सिद्ध झालं की हाडं फारच म्हातारी दिसत नसतील तर ए गट. म्हणून जन्मतारखेची नोंद ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, त्याला खर्च काहीच नाही.

३० महिने हा आकडा परत परत का येतो? मॅड काऊ म्हणजे बीएसई या मेंदूच्या रोगामुळे. हा रोग मोठ्या वयाच्या जनावरात आढळतो, म्हणून ब्रिटनने १९९६ ला ३० महिन्यांवरची जनावरं माणसाच्या खाण्यातून पूर्ण बाहेर काढली आणि ती बंदी २००५ पर्यंत राहिली. नंतर बंदी गेली तरी बऱ्याच देशांत ३० महिन्यांवरच्या जनावराचा मणका, कवटी वगैरे वेगळं काढून नष्ट करावं लागतं, त्याचा खर्च कत्तलखाना तुमच्याच भावातून काढतो. तेव्हा ३१ महिन्यांचं जनावर आणि २९ महिन्यांचं जनावर मांसाने सारखंच असलं तरी भावाने सारखं नसतं. ही मर्यादा पाळा, तिच्या आतलं सगळं हिशेबाचं आहे.

आता हिशेब. भाव प्रत्येक ठिकाणचे वेगळे म्हणून आपण नुसते एकक धरू, तुम्ही तुमचे आकडे घाला. समजा जिवंत वजन किलोला १००, एक किलो शुष्क खाद्य १०, आणि मजुरी, व्याज, औषध, जागा मिळून रोजचा इतर खर्च २०.

४५० किलोचं जनावर, रोज १.४ किलो वाढतंय, ९.१ किलो शुष्क खाद्य खातंय, म्हणजे एफसीआर ६.५. रोजचा खर्च ९१ अधिक २०, १११. रोजची वाढ १४०. हातात २९.

तेच जनावर ६२० किलोचं झालं, रोज १.०५ किलो वाढतंय, १० किलो खातंय, एफसीआर साडेनऊ. खर्च १००+२०, १२०. वाढ १०५. म्हणजे रोज १५ चा तोटा. आणि बघा, मालक खुशीत असतो कारण सगळ्या काळाचा सरासरी हिशेब काढला तर अजूनही नफा दिसतो, सुरुवातीच्या चांगल्या महिन्यांची कमाई शेवटचे वाईट महिने झाकून टाकते. म्हणून मी म्हणतो सरासरी बघू नका, शेवटच्या महिन्याचा वेगळा हिशेब मांडा. दर २८ दिवसांनी वजन, त्या २८ दिवसांतलं खाद्य, बास, एवढंच लागतं.

आता इथे एक गोष्ट आहे जी फार कमी लोक धरतात. जर तुम्ही जिवंत वजनावर नाही तर कार्कसच्या वजनावर विकत असाल तर हेच गणित उलटतं. शेवटच्या टप्प्यात वाढणाऱ्या वजनातला मोठा भाग सरळ कार्कसवर जातो, कारण हाडं, कातडं, पोट यांची वाढ मंदावलेली असते, म्हणून ड्रेसिंग टक्का ५८ वरून ६२ पर्यंत चढत जातो. समजा १.०५ मधला ८० टक्के भाग, ०.८४ किलो, कार्कसवर गेला आणि कार्कसचा भाव किलोला १६२, तर रोजचं उत्पन्न १३६. खर्च तोच १२०. तोट्याच्या १५ ऐवजी १६ नफा! जनावर तेच, दिवस तोच, नुसती विक्रीची पद्धत वेगळी. म्हणजे जिवंत विकणाऱ्याने आधी काढावं आणि कार्कसवर विकणाऱ्याने थोडं थांबावं, शेजारी काय करतो ते बघून काहीच ठरवता येत नाही.

पण थांबायचं किती? ६२० किलोच्या जनावराचं कार्कस साधारण ३८२ किलो, किंमत ६२,००० च्या आसपास. जास्त चरबी म्हणून खरेदीदाराने नुसते २ टक्के कापले तरी १,२४० गेले, म्हणजे रोज १६ प्रमाणे अडीच महिन्यांची कमाई एका शेऱ्यात साफ. जास्त जड कार्कसला पण कपात असते, कारण काप मोठे होतात आणि ठराविक ट्रेमध्ये बसत नाहीत. आणि ज्या जागेवर हे रोज १६ कमावतंय तिथे नवीन ४५० किलोचं आलं असतं तर रोज २९ कमावलं असतं, ही जागेची किंमत. अर्थात नवीन जनावर घ्यायला मिळतंय का आणि कोणत्या भावाने हे बघावंच लागतं, वासरं फार महाग असतील तर जुनं चार आठवडे जास्त ठेवणं शहाणपणाचं ठरतं, वासराची किंमत जास्त किलोंवर वाटली जाते. खाद्य स्वस्त आणि वासरं महाग तेव्हा थांबा, उलट असेल तेव्हा पटापट फिरवा.

चराईवर वाढवणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथे महिन्यांपेक्षा हंगाम महत्त्वाचा. चरणं स्वस्त असतं, पण चारा नसलेल्या काळात साठवलेलं सायलेज (मुरवलेला हिरवा चारा) आणि खुराक घालावा लागतो तो महाग पडतो. म्हणून विचार असा करा की आणखी एक महागडा हंगाम ओलांडायचा की त्याच्या आधी काढायचं. २० आणि २४ महिन्यांमध्ये तो हंगाम येत असेल तर २० किंवा मग पुढचं गवत खाऊन थेट २६-२८, मधलं वय सगळ्यात तोट्याचं. कमी खुराकावर अडखळलेलं जनावर नव्या गवतावर एकदम जोरात वाढतं, ती भरपाईची वाढ फुकटात मिळते, तिचा फायदा घ्या. मिथेनचा मुद्दा पण आता यात आलाय, जनावर जेवढे महिने कमी जगतं तेवढं मिथेन कमी, आयर्लंडसारख्या देशात सरासरी वय खाली आणणं सरकारी धोरणातच आहे.

खच्ची न केलेले खोंड ठेवणाऱ्यांनी मात्र जास्त वय अजिबात करू नये. ते स्टीअरपेक्षा (खच्ची केलेल्या नरापेक्षा) १०-२० टक्के जलद वाढतात आणि चरबी कमी धरतात, म्हणजे खाद्याच्या दृष्टीने उत्तम, पण वयात आले की एकमेकांवर चढणं, टकरा, गोंधळ. कत्तलीआधी अशी दमछाक झाली की स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, मग पीएच ५.४ ते ५.७ पर्यंत उतरायचं ते ६ च्या आसपासच अडकतं आणि मांस काळं, कोरडं, चिकट होतं. खरेदीदार त्याला सरळ खालच्या गटात टाकतो. ब्रिटनमध्ये बरेच खरेदीदार खोंडाला १६ महिन्यांची अट घालतात ती उगाच नाही.

हाताने ओळखायचं कसं? शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला दाबून बघा, मऊ गादी लागली पाहिजे पण गोळे नकोत. कंबरेच्या आडव्या हाडांची टोकं दाबल्यावर जाणवली पाहिजेत, नुसती दिसता कामा नयेत. छातीचा पुढचा भाग भरून झुलायला लागला आणि स्टीअरच्या वृषणकोषाच्या जागी चरबीची पिशवी दिसली म्हणजे वेळ झाली, कदाचित थोडी उलटून गेली. अल्ट्रासाउंड असेल तर १२ व्या आणि १३ व्या बरगडीमध्ये १०-१२ मिलिमीटरच्या आसपास, धान्यावरच्या जनावराला एवढं पुरे. आणि खाणं कमी झालं की सावध व्हा, आजार नसताना कळपाचं खाणं सलग दोन-तीन आठवडे घटत असेल तर ती जनावरं तुम्हाला सांगताहेत की आता बास.

सगळा गोठा एका दिवशी काढणं ही सगळ्यात महाग सवय. एकाच वयाच्या शंभर जनावरांत पुढची वीस-पंचवीस तयार असतात तेव्हा मागची वीस अजून दीड महिना मागे असतात. तीन खेपा करा, पुढची आधी, मग मधली, मग उरलेली. गाडीभाडं थोडं वाढेल पण जास्त चरबीची आणि कच्च्या कार्कसची, दोन्हीकडची कपात वाचते. फक्त खोंडांच्या बाबतीत उरलेले नवीन गटात मिसळू नका, टकरा सुरू होतात.

म्हाताऱ्या भाकड गाईंचं विचारलं नव्हतं, पण तेच तत्त्व तिथे जास्त चालतं म्हणून सांगतो. हाडं निघालेली गाय तशीच काढू नका, ६० ते ९० दिवस चांगला खुराक द्या. तिचं वय कमी होणार नाही, कोलॅजेन पक्कं ते पक्कंच, पण रोडावलेली गाय सुरुवातीला झपाट्याने मांस भरते, चरबी पांढरी होते, ड्रेसिंग टक्का चढतो आणि हलक्या गटातून एक पायरी वर जाते. ९० दिवसांनंतर ती पण नुसती चरबीच लावते, तेव्हा तिसऱ्या महिन्याचं वजन घेतलं की गाडी बोलवा.